पेटीबाहेरचा बोर्ड

३ नोव्हेंबर, मंगळवार

आणला! टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून, बसमध्ये उभ्याने आणला. कंडक्टर म्हणाला, बाई, बसा, बाळाला मांडीवर घ्या. जवळ येऊन बघतो तर काय, टॉवेलातून तांब्याच्या पिना बाहेर आलेल्या. तिकीट मात्र एकाचंच फाडलं.

सर्व्हरचा बोर्ड. ऑफिसातली सगळी टेबलं ज्या एका मोठ्या मशीनला जोडलेली असतात, त्याच्या पोटातला. दोन प्रोसेसर, सोळा रॅमच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी. पेटी नाही. ती उतरवताना चेपली म्हणे, आणि भंगारवाल्याने पत्रा म्हणून केव्हाच विकून टाकली. पेटीबरोबर पंखे गेले, चालू करायचं बटण गेलं, पॉवर सप्लाय गेला. उरलं ते हे, पुठ्ठ्यावर पडलेलं. भंगारवाला प्रामाणिक माणूस. म्हणाला, दोघेतिघे बघून गेले, पेटीशिवाय हे चालू होत नाही. ते दोघेतिघे म्हणजे काही मी नव्हे, हे मी फक्त मनात म्हटलं.

कशासाठी हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच वाटायला नको की म्हातारपणी खूळ लागलं होतं. लेकीचा प्रबंध तीस तारखेला द्यायचा आहे. शेवटचं प्रकरण राहिलंय आणि ते राहिलंय ते तिच्या आळसामुळे नाही. तळ्याकाठी चौदा ठिकाणी तिने आवाज टिपणाऱ्या डब्या लावल्या होत्या. सात नव्या दिव्यांच्या खांबांजवळ, सात अंधारात. दोन वर्षांचे बेडूक! दिव्याखाली बेडूक कमी ओरडतात का, एवढाच प्रश्न. पण उत्तर काढायला सगळे आवाज एकदम मशीनच्या डोक्यात मावायला हवेत. तिचा लॅपटॉप चौदा मिनिटांत मान टाकतो. कॉलेजच्या मोठ्या मशीनवर नंबर लागतोय जानेवारीत.

मी म्हटलं, मी देते तुला मशीन. ती म्हणाली, "आई, तुला जमेल का पण?"

बावीस वर्षं मशीन रूममध्ये घालवली मी. जमेल का!

४ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर धूळ. मेकअपचा ब्रश कधी नव्हे तो कामी आला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पॉवरचा प्लग. इथेच त्या दोघातिघांनी हात टेकले असणार, किंवा हात पोळले असणार. बोर्डावरचं भोक दिसतं अगदी नेहमीच्या कॉम्प्युटरसारखं, नेहमीचा प्लग त्यात गुमान बसतो. आणि जळतो! कारण कंपनीने तारांचा क्रम आपल्या मनाने ठेवलेला. ऑफिसात एका नव्या इंजिनिअरने असाच एक बोर्ड घालवला होता, आणि वर म्हणाला, बसला ना पण बरोबर. बसला म्हणजे जमला असं असतं तर निम्मी लग्नं मोडली नसती.

म्हणून आज मीटर घेऊन एकेक पीन. कुठली जमिनीला, कुठली बारा व्होल्टला. वहीत चौकोन काढून भरत गेले. सकाळी नऊला बसले ते दुपारी दोनला मान वर केली. हे त्यांच्या फोटो-चौकटींच्या दुकानातून जेवायला आले होते, त्यांनी स्वतःचं स्वतः वाढून घेतलं आणि माझं ताट झाकून ठेवलं. नंतर बाजारातून आणलेल्या पॉवर सप्लायच्या प्लगमधल्या तारा उपसून नव्या क्रमाने बसवल्या. तीनदा तपासल्या.

बटणाचं आठवलं आज. ऑफिसात पद्धत होती. नवा सर्व्हर आला की जोडायची मी. पंखे, पट्ट्या, डिस्क, तारा, सगळं. मग फोन करायचा. मग साहेब यायचे, सगळे उभे राहायचे, साहेब बोट पुढे करायचे आणि बटण दाबायचे. टाळ्या. चहा. एकेचाळीस मशिनं जोडली मी. एकाचंही बटण दाबलं नाही. निवृत्तीच्या भाषणात साहेब म्हणाले, बाईंची मदत फार झाली. मदत!

या बोर्डाला बटणच नाही. दोन पिना आहेत, त्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकदम टेकवायचं. झालं बटण. टेकवणार कोण, हे सांगायला नको.

७ नोव्हेंबर, शनिवार

बोर्ड टेबलावर नुसता ठेवून चालत नाही, खालून सोल्डरच्या टाक्यांना काही लागलं तर संपलं. म्हणून ह्यांना म्हटलं, लाकडाची एक चौकट करून द्या, मधे फळी, फळीवर मी सांगते तिथे दहा पितळी खुंट्या. आयुष्यभर फोटोंना चौकटी केल्या माणसाने, हे काय अवघड! संध्याकाळी घेऊन आले. वर कापड झाकलेलं. कापड काढायला लेकीला बोलावलं.

काय काम केलंय! कोपरे असे जुळलेत की नख जाणार नाही. आणि फळीला वरून सोनेरी वर्ख! राजाराणीच्या फोटोला लावतात तो. मी म्हटलं, अहो, बोर्डाखाली झाकून जाणार हे सगळं. म्हणाले, "झाकलं तरी तुझं मशीन आहे ना."

हौसेला मोल नसतं. अंगावर मूठभर मांस चढलं.

८ नोव्हेंबर, रविवार

फजिती.

सगळं बसवलं. हे दुकानाला न जाता घरी. लेक मोबाईल काढून उभी, चालू होतानाचं टिपायला. मी दोन पिना शोधल्या, हात पुसला, टोक टेकवलं. टक्. पॉवर सप्लायचा पंखा एक गिरकी फिरला आणि गप. पुन्हा. टक्, गप. सात वेळा टक् आणि सात वेळा गप.

लेक म्हणाली, राहू दे आई, मी सरांना विचारते, जानेवारीपर्यंत मुदत मागते. हळू म्हणाली, म्हणून जास्त लागलं. ओरडली असती तर मीही ओरडले असते.

९ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं!! सकाळी हे गेल्यावर बोर्ड उचलला, प्लग पुन्हा तपासला. बरोबर. पट्ट्या काढून लावल्या. बरोबर. मग हात असेच फळीवर टेकून बसले होते, आणि मीटरच्या दोन्ही सुया वर्खाला लागल्या. मीटर ओरडला. वर्खातून करंट जातो! जाणारच, धातूच आहे तो. खुंट्या लहान पडल्या, बोर्डाखालचे टाके वर्खाला टेकले, आणि पॉवर सप्लायने शहाण्या माणसासारखं स्वतःला बंद करून घेतलं. त्याने बंद केलं म्हणून बोर्ड वाचला.

बावीस वर्षं मशीन रूममध्ये घालवलेली बाई सर्व्हर सोन्याच्या ताटात मांडून बसली होती. ऑफिसात हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी वर्षभर पुरेल एवढं हसले असते.

ह्यांना कसं सांगायचं, हाच प्रश्न. दुपारी जेवताना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. उठून दुकानात गेले आणि खरवडायची पट्टी घेऊन आले. मी म्हटलं, खरवडू नका, वरून पुठ्ठा ठोका. सोनं खाली राहू दे. तसंच केलं. खुंट्याही उंच लावल्या.

१० नोव्हेंबर, मंगळवार

पेटला!

सकाळी साडेदहा. घरात मी एकटी. मुद्दाम कुणाला बोलावलं नाही, काल-परवाची फजिती पुरे. दूध तापायला ठेवलं होतं, ते आधी बंद केलं. मग टोक टेकवलं.

आधी एक हिरवा दिवा. मग दुसरा. मग बोर्डाच्या कोपऱ्यात दोन आकडे पळायला लागले, भरभर, भरभर, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं. दोन प्रोसेसर: आहेत. सोळा पट्ट्या: आहेत. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, आहेत! आणि टाळ्या वाजवल्या. स्वतःच. मग आधीच करून ठेवलेला चहा स्वतःलाच दिला.

चहा संपायच्या आत मशीन बंद पडलं. नव्वद सेकंदांत. पण तो उद्याचा विषय. आज बेचाळिसावं मशीन चालू झालं आणि ते मी चालू केलं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस पंख्यांनी खाल्ले. बोर्डाला त्याचे सहा पंखे हवेत, त्याच्या पेटीतले, त्याच्या जातीचे. नाही दिसले की नव्वद सेकंद वाट बघतो आणि रुसून बंद होतो. मी बाजारातले दोन मोठे पंखे आणून वारा घालतेय, प्रोसेसरवरचे धातूचे ठोकळे गार आहेत, तरी ह्याचं आपलं, माझे सहा कुठायत?

पंख्याला एक जादा तार असते, "मी फिरतोय" एवढंच बोर्डाला सांगणारी. तर मी एका पंख्याची ती तार घेतली आणि सहा जागी वाटून जोडली. आता एकच पंखा सहा नावांनी हजेरी लावतो. शाळेत आम्ही करायचो तसं! बोर्ड खूश. सकाळपासून चालू आहे.

लेक आली, बघितलं, पंखे मोजले. दोन. पडद्यावर बघितलं. सहा. म्हणाली, तू मशीनला थाप मारलीस? मी म्हटलं, वारा खरा आहे, हजेरी खोटी आहे. इतकी हसली की खुर्चीवर बसली. मग माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून पडदा वाचत राहिली. दहा वर्षांनी ठेवली असेल. मी हलले नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

रॅमची परीक्षा लावली. तीस तास. तिच्या दोन वर्षांच्या कामाला हात लावायच्या आधी सोळाही पट्ट्या घासून बघणार. हे मी ऑफिसात कुणी न सांगता करायचे. साहेबांना घाई असायची, तरी करायचे.

ह्यांनी दुकानात गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली आहे. आज एक बाई फोटो न्यायला आल्या आणि विचारत होत्या, तुमच्या मिसेस घरी कारखाना काढतायत का.

१४ नोव्हेंबर, शनिवार

एक चूक.

तीस तासांत एक. अकराव्या पट्टीवर. सर्व्हरच्या रॅमची खुबी अशी की एखादा आकडा चुकला तर ती स्वतः पकडते, स्वतः सुधारते आणि नोंद ठेवते. तशी नोंद: सुधारलेली चूक, एक. म्हणजे नुकसान काही नाही. ऑफिसात अशा नोंदीवर मी पट्टी बदलायचे. पण तिथे कपाटात नव्या पट्ट्या असायच्या. इथे काढली तर मेमरी कमी पडेल का, पुन्हा सगळं जुळवावं लागेल का, आणखी तीस तास, आणि तारीख बसलीय डोक्यावर. शिवाय सुधारली ना तिने!

लेकीने दारातूनच विचारलं, काय निकाल? मी म्हटलं, शून्य. एकही चूक नाही.

तोंडातून गेलं. ती नाचत आत आली. मग काय सांगणार?

१५ नोव्हेंबर, रविवार

दुपारी बाराला बेडूक आत सोडले. पाच दिवस लागतील असं मशीन म्हणतंय. लॅपटॉपने चौदा मिनिटांत मान टाकली होती, आमचं मशीन चौदा मिनिटांना जांभईसुद्धा देत नाही. लेकीने तीनदा घड्याळ लावून बघितलं.

"आई, तू भारी आहेस," म्हणाली. पानावर लिहून ठेवते. कुणी वाचणार नाही, मीच वाचेन.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

मशीनची खोली इतकी गरम की ओले कपडे तासात वाळतात. शेजारीण चादरी घेऊन आली.

१८ नोव्हेंबर, बुधवार

खाई त्याला खवखवे. दिवसातून चार वेळा ती नोंद उघडून बघते. अजून एकच आहे. वाढलेली नाही. तरी बघते.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. दुपारी एकला.

फरक नाही.

दिव्याखालचे बेडूक आणि अंधारातले बेडूक सारखेच ओरडतात. तितकेच, त्याच वेळेला. लेक पडद्यासमोर उभी राहिली आणि पुन्हा पुन्हा तोच तक्ता वर-खाली करत राहिली. तिचे मार्गदर्शक सर गेली सहा वर्षं गावोगाव भाषणं देतायत की दिव्यांनी बेडूक मुके केले. हिचं प्रकरण म्हणजे त्या बोलण्याचा पुरावा. सगळ्यांनी धरून चाललेलं, हिने स्वतःही. उत्तर काय येणार हे माहीतच होतं, फक्त मोजायचं बाकी होतं.

मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "आई, मशीन चुकलं असेल का?"

मी म्हटलं, जेवून घे आधी. जेवली नाही. मीही नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. झोपेतून उठले तीच सांगायचं ठरवून, नाहीतर दुपारपर्यंत शेपूट घातलं असतं. ती स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होती. हे पेपर वाचत होते.

"खोटं बोलले मी," म्हटलं. "रॅमच्या परीक्षेत एक चूक आली होती. एकच, आणि ती पट्टीने स्वतःच सुधारली. पण आली होती."

तिने कप खाली ठेवला. "मग शून्य का म्हणालीस?"

"मला माझं मशीन चांगलं म्हणायला हवं होतं."

ह्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि उघडलाच नाही. मला वाटलं, आता ही म्हणणार, भंगारातलं मशीन, तुला आधीच विचारलं होतं जमेल का. तसं म्हणाली असती तर हक्क होता तिचा. पण तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं. आशा! मशीन बिघडलेलं निघालं तर बेडूक खरे मुके आहेत, सर खरे आहेत आणि तीस तारखेला सगळं सुरळीत. माझी लाज तिच्या फायद्याची होती. असा विचित्र प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

म्हणाली, "त्या चुकीने उत्तर बदललं असेल?"

खरं तर नाही. सुधारलेली चूक उत्तरात उतरत नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. पण "शून्य" म्हणणाऱ्या बाईच्या ठाऊक असण्याला आता काय किंमत? म्हटलं, मला वाटतं नाही, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. पट्टी काढते, परीक्षा पुन्हा लावते, मोजणी पुन्हा करू. सत्तावीसला संपेल. वेळ आहे.

"नोंद मी वाचणार," ती म्हणाली.

वाच म्हटलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

काल सकाळीच अकरावी पट्टी काढली, पट्ट्या जोडीने चालतात म्हणून तिची जोडीदारही काढली. चौदा पट्ट्या. परीक्षेला चोवीस तास दिले, यापेक्षा जास्त देता येत नाहीत. नोंद तिने स्वतः वाचली. शून्य, खरं शून्य. मेमरी पुरली, उगाच घाबरले होते! चूक झाकायला माणूस किती सबबी शोधतं.

दुपारी अडीचला पुन्हा बेडूक.

पिनांना टोक टेकवायला या वेळी तिला सांगितलं. म्हणाली, तूच टेकव. रागाने नाही म्हणाली. मी टेकवलं.

२५ नोव्हेंबर, बुधवार

बोलते आहे माझ्याशी. थोडं. मीठ दे, किल्ली कुठाय, असं. दर संध्याकाळी नोंद उघडून वाचते. शून्य. मी दारात उभी असते.

ह्यांनी आज एकच वाक्य म्हटलं. "तू सांगितलंस ते बरं केलंस, पण तिला काय हवं होतं ते बघितलंस ना?" बघितलं. म्हणून तर झोप नाही.

देवाला काय मागायचं तेच कळेना. मशीन खरं ठरो, म्हटलं तर पोरीचं नुकसान. मशीन खोटं ठरो, हे माझ्या जिभेला येत नाही. आजवर मशीनसाठी कधी देवाला हात जोडले नव्हते, आणि आता जोडले तर मागणं सुचेना.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

तेच उत्तर.

दोन तक्ते तिने शेजारी ठेवले. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. नोंद शून्य. सहा पंख्यांची खोटी हजेरी, वर्खावर ठोकलेला पुठ्ठा, तारांचा उलटा क्रम, भंगारातल्या चौदा पट्ट्या — आणि शेवटच्या आकड्यापर्यंत तेच! अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू. पोरीची काळजी वाटली आणि अभिमानही वाटला, एकाच वेळी. दोन्ही एका पोटात मावतात हे आज कळलं.

ती म्हणाली, "मशीन बरोबर आहे."

मी शेजारी बसले. पंखे फिरत होते.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सरांकडे जाऊन आली. तीन तास. आल्यावर तिने सांगितलं ते असं. सर चिडले नाहीत, उलट फार गोड बोलले. घरी भंगारातून जोडलेल्या मशीनवरचं उत्तर कोण धरतं, म्हणाले. तू असं कर, त्या प्रकरणात लिही की मोजणी घरगुती मशीनवर केली, मशीन भरवशाचं नव्हतं, म्हणून निष्कर्ष काढता येत नाही. रॅममध्ये चूक आलीच होती ना? तेवढंच लिही. बाकी प्रबंध छान आहे. मी सही करतो, तीस तारखेला दे, पदवी घे. मोजणी पुढे कधीतरी नीट मशीनवर होईल.

म्हणजे तिने त्यांना ती चूक सांगितली होती. पट्टी काढून पुन्हा मोजलं हेही सांगितलं होतं. सरांनी पहिलं तेवढं ऐकलं.

आणि "फरक नाही" असंच लिहिलंस, तर? तर माझी सही नाही, म्हणाले. दुसरे मार्गदर्शक बघ, नव्याने अर्ज कर.

लेक पलंगाच्या कडेला बसली होती. पाच वर्षं झाली ह्या प्रबंधाला. तिच्या बरोबरीच्या मुली केव्हाच नोकरीला लागल्या. मी तिच्या हातांकडे बघत होते, तळ्याकाठच्या चिखलाने नखं कायमची काळी झालेली. कसलं मशीन आणि कसला मान! माझं काय जातंय? साहेबांनी बावीस वर्षं मदत म्हटलं, आता सर बिघाड म्हणतील. एवढ्याने माझं काही झिजत नाही.

"मग तसंच लिही," मी म्हटलं. "लिही की आईच्या मशीनवर भरवसा नव्हता. मला काही वाटणार नाही."

"पण होता," ती म्हणाली.

एवढंच. मग उठून टेबलाशी गेली आणि लिहायला बसली. काय लिहितेय ते मी विचारलं नाही, आणि ह्यांनाही विचारू दिलं नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

दार लावून लिहितेय. चहा तीनदा दिला. तिन्ही वेळा कप रिकामा परत आला.

३० नोव्हेंबर, सोमवार

दिला. जसं उत्तर आलं तसा — फरक नाही. सरांनी सही केली नाही, आणि सहीशिवाय प्रबंध धरत नाहीत. वर्ष गेलं.

दारात चपला काढता काढता तिने हे सांगितलं आणि जेवायला काय आहे विचारलं. मी रडायला हवं होतं. ताट वाढलं, समोर बसले, आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की पाणी द्यायचं विसरले.